दुसरं पारितोषिक

टेकडी गणपतीच्या रस्त्यावर, संकष्टीला,
मी तिचा फोटो काढला तेव्हा
पारा सेहेचाळीसवर, दुपारचे चार,
आणि माझ्या लेन्सचं झाकण कुठंतरी पडलेलं.
ते मला घरी गेल्यावर कळलं.
दुसऱ्या दिवशी बर्डीवर नवं घेतलं, दीडशेला,
घासाघीस न करता.

फोटो मात्र जमला होता.
मेट्रोच्या खांबाची सावली चेहरा अर्धा कापते
आणि उरलेल्या उजेडातून एक हात
थेट माझ्याकडे येतो,
बोटं भेगाळलेली, तळव्यात काळोख.
त्या हातावर मी दहाची नोट ठेवली होती
न बघता,
लिफ्टचं बटण दाबावं तशी.

नाव दिलं : याचना.
दुसरं पारितोषिक, रोख पाच हजार आणि एक शाल.

लोक थांबत होते फोटोसमोर.
एक बाई म्हणाल्या, डोळे बघा हो, डोळे!
त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं, टोळ्या असतात यांच्या,
संध्याकाळी ऑटो करून घरी जातात.
कोणी विचारलं, धडधाकट आहे, काम काहून नाही करत?
कोणी विचारलं, कॅमेरा कोणता?
ऑफिसातला पौनीकर फार वेळ उभा राहिला,
मग हळूच म्हणाला,
या बाई तर तुमच्यावर चिडून राहिल्या, साहेब.
परीक्षकांनी व्याकुळता म्हटलं होतं.
मी परीक्षकांचं ऐकलं.

मोठी प्रिंट फ्रेमला दिली तेव्हा
सतरंजीपुऱ्यातल्या त्या पोरानं
तळव्यावर बोट ठेवून विचारलं,
सर, हे नाणं आहे का?

काळोख गोल होता.
काळोखाला कडा होती,
आणि कडेशी पांढऱ्या बारीक अक्षरांत
माझ्या लेन्सच्या कंपनीचं नाव.

मी गेलो.
लगेच नाही. अकरा दिवसांनी.

कौतिकाबाई
(नाव चहावाल्यानं सांगितलं,
मी विचारलंच नव्हतं)
प्रिंट मांडीवर घेऊन बसल्या.
आधी स्वतःचं लुगडं ओळखलं, मग खांब,
मग हात.

"हे मी भीक मांगून राह्यली का?"
मी काही बोललो नाही.
"मांगतो नं मी. रोजच मांगतो. त्यात काय लपवाचं.
पन ह्या टायमाले नाही.
तुयं झाकन पडलं होतं, ते देऊन राह्यली होती तुले.
बापू, ओ बापू, किती आवाज देल्ले.
तू नोट ठेवली अन् पयाला."

प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी,
तिच्यात आणखी एक,
त्यातून झाकण निघालं.
आत चुना वाळला होता.
तो त्यांनी नखानं खरवडला, पदरानं पुसला,
आणि मी हात पुढे केला.

"कितीक भेटले याचे?"
खोटं बोलायला पुरेसा वेळ होता.
मागून एक सिटी बस गेली, तिचा धूर गेला,
तरी वेळ उरला.
"पाच हजार."
"मंग?"

त्यांचे दोन्ही हात मांडीवरच होते,
फोटोवर.
फुलवाला हारवाल्याला उधारी विचारतो
तेवढ्याच आवाजात विचारलं होतं त्यांनी.
माझ्या पाकिटात आठशे निघाले.
उरलेल्या सतराशेंचं मी संकष्टीला म्हटलं,
त्यांनी चहावाल्याला हाक मारून साक्षीला बोलावलं.
त्यानं गिलास विसळता विसळता मान हलवली.

नोटा मोजून झाल्या.
मी उठलो, सवयीनं कॅमेरा वर गेला,
आणि सवयीनंच थांबला नाही, त्यांनी थांबवला.

"झाकन लाव आता," त्या म्हणाल्या,
"त्यालेबी डोयाच हाय.
ऊन लागंल."